चॉल, अंधेरी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. वरणगाव.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मे २०२२ मध्ये नाना, माझे वडील, इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले. त्याच महिन्यात त्यांनी जळगावच्या शोरूममधून नवी गाडी घेतली. इंटरनेटला जोडलेली.
२. नानांकडे बटणांचा साधा फोन होता. म्हणून गाडीचं ॲप माझ्या मोबाइलवर, माझ्या नावाने सुरू केलं.
३. १७ फेब्रुवारी २०२५ ला नाना गेले.
४. २३ ऑगस्टला गाडी विकली. घेणारे सुकदेव बोरसे, शाळेत शिक्षक, राहणार साक्री. गिऱ्हाईक साक्रीचं आहे म्हटल्यावर आईने भावात घासाघीस केली नाही. नानांचं गाव त्याच बाजूला.
५. कागदपत्रं, विमा आणि एक चावी दिली. दुसरी चावी सापडली नाही. ॲपवरून गाडी काढून टाकायची राहिली.
६. आज अठ्ठ्याहत्तर दिवस झाले. ती गाडी कुठे आहे, कधी सुरू झाली, किती वेगाने गेली, हे अजून माझ्या मोबाइलवर दिसतं. बोरसे सरांना हे माहीत नाही.
७. पाचव्या मुद्द्यातलं 'राहिली' हे क्रियापद बरोबर नाही. मी काढली नाही.

माझं काम ठिबक सिंचनाचे कंट्रोलर तपासण्याचं. एखादा बिघडला की आधी असा क्रमवार अहवाल लिहायचा, कारण नंतर शोधायचं. इथे कारण मला माहीत आहे.

गाडीच्या स्टिअरिंगवर एक बटण आहे. ते दाबून तोंडी सांगता येतं: अमुक ठिकाणी चल, काच खाली कर. गाडीला हिंदी आणि इंग्रजी कळतं. जे कळत नाही तेही ती टाकून देत नाही. तो आवाज गाडीच्याच मेमरीत राहतो, आणि गाडीला जसं ऐकू आलं तसं ते ॲपवर अक्षरांत उमटतं. यादीचं नाव 'न समजलेल्या आज्ञा'. जागा पन्नास. एक्कावन्नावी आली की सगळ्यांत जुनी पुसली जाते. ॲपवर फक्त शब्द दिसतात. आवाज ऐकायचा तर गाडीत बसूनच, पडद्यावर.

नाना गेल्यावर गाडी सहा महिने आमच्या अंगणात उभी होती. तेव्हा ही यादी असते हेच मला माहीत नव्हतं. मी ती पहिल्यांदा उघडली १४ सप्टेंबरला, गाडी विकून तीन आठवडे झाल्यावर. तेव्हा पन्नासपैकी तेहतीस नोंदी नानांच्या होत्या. आज एकोणीस आहेत. बाकीच्या सरांच्या. सरही बटण दाबून बोलतात, आणि गाडीला त्यांचंही कळत नाही.


११ नोव्हेंबर, मंगळवार. जळगाव.

अठरा.


१२ नोव्हेंबर, बुधवार.

गाडी साक्रीहून ७.१० ला निघाली. धुळ्यात ८.२५. गावाबाहेरच्या एका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभी. १२.०५ ला दार उघडलं, पण इंजिन सुरू झालं १.१० ला. परतीचा वेग चाळीसच्या आत.

८ ऑक्टोबरपासून दर बुधवारी हेच. दिवाळीच्या पाडव्यालाही.

हे मला माहीत असण्याचं काही कारण नाही. मी फक्त यादीतला आकडा बघायला ॲप उघडते. नकाशा त्याच पानावर आहे, त्याला मी काय करणार.

वरचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

सरांच्या आज दोन नव्या नोंदी: 'सांगली', 'सांगली'. गेल्या बुधवारीही सांगली होती. साक्रीच्या शिक्षकाचं सांगलीला काय काम असेल, कळत नाही. सुरुवातीला ते रोज बोलायचे, मग आठवड्यातून एक-दोनदा, आता पुन्हा जास्त बोलतात. नानांच्या सोळा उरल्या.


१६ नोव्हेंबर, रविवार. वरणगाव.

आई अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती. मी मोबाइल ओट्यावर ठेवून पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा तो आईच्या हातात होता.

"चॉल, अंधेरी. हे काय गं?"

"नानांनी गाडीला सांगितलेलं. गाडीला ऐकू आलं तसं."

"चॉल म्हणजे?"

"चाळ."

आईने एक वांगं उलटं केलं. "अंधेरीच्या चाळीत कोण आहे त्यांचं?"

"मला माहीत नाही."

"किती वेळा सांगितलंय?"

"सोळांपैकी अकरा वेळा."

"मोजलंस तू."

"हो."

"एक्याण्णव साली आठ महिने मुंबईकडे ट्रेनिंगला होते. तू नव्हतीस तेव्हा. दर आठवड्याला पत्र यायचं. एका आठवड्यात आलं नव्हतं." तिने दोन काड्या जाळात सारल्या. "कोणाला तरी विचारून बघ." मग लगेच, "नको. गेलेल्या माणसाची चौकशी करू नये."

जेवताना भाकरी मोडता मोडता तिने विचारलं, "अंधेरीत चाळी उरल्यात का गं अजून?"

दुपारी नानांचा कोट उन्हात टाकताना दुसरी चावी सापडली, आतल्या खिशात. तिला त्यांचा पितळी बिल्ला अडकवलेला, नंबर ४४१७. हा बिल्ला सकाळी फॅक्टरीच्या गेटवर दाखवायचा, संध्याकाळी परत निघताना दाखवायचा. चौतीस वर्षं. मोबाइल गेटबाहेर. आतलं बाहेर सांगायचं नाही. नाना घरी येऊन बूट काढत म्हणायचे, "आज गरम होतं." फॅक्टरीबद्दल तेवढंच. आम्ही पुढे विचारायचो नाही. मला ते आवडायचं. त्यांच्यापाशी ठेवलेली गोष्ट दुसरीकडे जायची नाही. दहावीत मला गणितात कमी मार्क पडले ते फक्त त्यांना माहीत होतं. आईला अजून माहीत नाही.

अशा माणसाने ही गाडी का घेतली, ते मी तेव्हाही विचारलं नाही. शोरूममधल्या माणसाने त्यांना समजावलं होतं, "नाना, आधी हे बटण दाबून सांगायचं कुठे जायचं ते, मग निघायचं." नानांनी ते गेटच्या नियमासारखं घेतलं. सांगितल्याशिवाय गाडी हलवायचीच नाही. आई म्हणते, गाडीत बसले की आधी काहीतरी पुटपुटायचे, बैलांशी बोलल्यासारखं, आणि मग गाडी अंगणातून निघायची.


१७ नोव्हेंबर, सोमवार. जळगाव.

त्या अकरा नोंदी फेऱ्यांच्या तपशिलाशी जुळवून पाहिल्या.

वार शनिवार, अकराही वेळा. वेळ दुपारी साडेचार ते पाच. गाडीचं उत्तर: अंधेरी, चारशे बत्तीस किलोमीटर, मार्ग सुरू करायचा का? प्रत्यक्ष फेरी: वरणगाव ते जळगाव, माझी खोली, एकोणचाळीस किलोमीटर.

म्हणजे नाना अंधेरीचं नाव घेऊन निघायचे आणि मला घ्यायला यायचे. सांगितलेलं ठिकाण आणि गेलेलं ठिकाण यांत विसंगती. कारण सापडत नाही.

उच्चाराचा प्रश्न असेल. नाना मूळचे अहिराणी बोलणारे, आई मुक्ताईनगरची, तिची बोली निराळी. म्हणून क्वार्टरमध्ये घरात पुस्तकातली मराठी. अहिराणी नाना फक्त आजीशी बोलायचे, आणि आजी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला 'शे' म्हणजे आहे आणि 'बठ्ठं' म्हणजे सगळं, यापलीकडे काही येत नाही. पण अंधेरी हे अंधेरीच. त्याचा उच्चार कोणत्याही बोलीत फार बदलणार नाही.

शनिवारचं मात्र सगळं लक्षात आहे. गाडी समोरच्या लिंबाखाली उभी असायची. हॉर्न कधी वाजवला नाही. मी खाली आले की शेजारच्या सीटवरचा पेपर उचलून मागे टाकायचे. "आलीस?" "हो." "काम?" "चालू आहे." नशिराबादला एक चहा दोघांत, बशीतला माझा. पुढे केळीचा ट्रक लागला तर त्याच्या मागेमागेच चालवायचे, ओव्हरटेक नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कच्चा माल आहे. बिचकवू नये." केळ्यांना की ड्रायव्हरला, ते सांगितलं नाही. भुसावळच्या पुलावर "भूक?" आणि मी "घरी." एकोणचाळीस किलोमीटरांत इतकंच बोलणं. थंडीत सहालाच शेतांवर धूर बसायचा आणि काचा वर केल्या की गाडीत त्यांच्या स्वेटरचा, डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. पूर्वी मला तो उग्र वाटायचा.

माझ्यासमोर ते गाडीशी कधी बोलले नाहीत. परतताना बटणाला हात लावायचे नाहीत.

शेवटची नोंद १५ फेब्रुवारी, शनिवार, ४.५२. त्या दुपारी मी फोनवर म्हणाले होते, बसने येते, तुम्हाला दम लागतो. ते म्हणाले, "गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते." बॅटरी मी आदल्याच आठवड्यात तपासली होती. ठीक होती.


१९ नोव्हेंबर, बुधवार.

संध्याकाळी सहाला सरांना फोन केला. चावी पाठवायची होती. संभाषण आठवेल तसं:

"सर, दिपमाला देवरे बोलते, वरणगावची. गाडीची दुसरी चावी सापडली."

"अरे वा. बोला ताई. गाडी एक नंबर आहे बरं का. वडिलांनी लेकरासारखी जपलेली दिसते."

"चावी कुरिअरने पाठवते. साक्रीला उशिरा पोचतं. तुम्ही बुधवारी धुळ्यात असताच, हॉस्पिटलच्या समोर कुरिअरचं ऑफिस आहे. तिथून घेता येईल."

पलीकडे कुकरची एक शिट्टी ऐकू आली. एक बाई विचारत होत्या, "कोणाचा फोन शे?" मग सर अगदी हळू म्हणाले, "मी नंतर करतो," आणि फोन बंद झाला.

मी माझं वाक्य कागदावर लिहून पाहिलं. माहिती म्हणून त्यात चूक नाही. कुरिअरचं ऑफिस खरोखर समोर आहे. मी नकाशात पाहिलं होतं.

चौदा.


२० नोव्हेंबर, गुरुवार.

फोन आला नाही. मीही केला नाही. दिवसभरात ॲप सहा वेळा उघडलं. गाडी सकाळी शाळेत गेली, संध्याकाळी घरी आली. आज मी यादी बघायला उघडलं नव्हतं, सर नीट आहेत का ते बघायला उघडलं होतं. हे जास्त वाईट आहे की कमी, ठरवता येत नाही.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

दुपारी पाऊण वाजता सरांचा फोन आला. मागे पोरांचा गलका होता, मधली सुट्टी असावी.

"ताई, एक खरं सांगा. हॉस्पिटलचं तुम्हाला कोणी सांगितलं? तिथला कोणी तुमच्या नात्यातला आहे का?"

"नाही सर. गाडीने सांगितलं."

मग सगळं सांगितलं. ॲप, नकाशा, वेग, यादी. माझं संपल्यावर म्हणाले, "हाई बठ्ठं तुमले दिखस?" मग सावरून, "म्हणजे आत्ता, या मिनिटाला गाडी कुठे आहे तेसुद्धा?"

"शाळेच्या आवारात, पश्चिमेच्या कुंपणाला लागून. सकाळी ९.५० पासून."

"चिंचेखाली." जणू मी ते नाव विसरले होते. "आणि कंपनीला दिसतं?"

"दिसतं. कोणाला किती देतात, ते कराराच्या कागदावर बारीक अक्षरात आहे. मी सही करताना वाचलं होतं."

"वाचलं होतं? मग अख्ख्या महाराष्ट्रात तुम्ही एकट्याच." ते हसले नाहीत. "गाडी विकली तेव्हा हे बंद करायला पाहिजे होतं, ताई."

"हो."

"विसरलात."

"नाही."

गलका थोडा लांब गेला. ते चालत बाजूला गेले असावेत. कारण विचारलं नाही, तरी मी सांगितलं. पन्नास जागा, नानांच्या चौदा, प्रत्येक नव्या नोंदीबरोबर एक जुनी जाते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आईला यादी माहीत आहे, आकडे उतरताहेत हे माहीत नाही.

"म्हणजे मी बोललो की तुमचे वडील पुसले जातात."

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"तांत्रिकदृष्ट्या," ते म्हणाले. मग, "माझं काय लिहिलंय त्यात?"

"सांगली. नऊ वेळा. एकदा 'कोणार्क सांगली'."

ते एकदम हसायला लागले. हसताना खोकला आला, थांबेना. मी वाट पाहिली.

"सांगली नाही हो. 'कोनले सांगू नको.' गाडीले सांगतो मी. औषध चढवल्यावर तासभर चक्कर राहते, म्हणून गाडीतच बसतो. बसल्या बसल्या बटण दाबून म्हणतो. कोणाशी तरी बोलायला पाहिजे ना माणसाने. आणि हिने पहिलं तुम्हाला सांगितलं."

दहा बुधवार घ्यायचेत, सात झाले, असं त्यांनी सांगितलं. घरी, म्हणजे पत्नीला, बेबाबाईंना, धुळ्याला ट्रेनिंग आहे असं सांगितलंय. दिवाळी होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं होतं. दिवाळी झाली, मग म्हटलं कापूस घरात येऊ दे.

"पाडव्यालाही ट्रेनिंग होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तिने नाही विचारलं. ती काही विचारतच नाही. बुधवारी मऊ खिचडी करते हल्ली, मी न सांगता. एवढंच."

त्यांनीच विषय बदलला. "आणि वडिलांचं? त्यांचं काय लिहिलंय?"

"चॉल, अंधेरी."

"वडील कुठले मूळचे?"

"तुमच्याच बाजूचे. साक्रीच्या पुढचे."

"परत वाचा. सावकाश."

"चॉल. अंधेरी."

"गाडीसारखं नका वाचू. गाडी हिंदी शाळेत शिकलेली आहे." ते वर्गात बोलतात तसं बोलत होते. "चाल. चाल म्हणजे चल, निघ. आणि पुढचं अंधेरी नाही. आंडेर. 'चाल, आंडेरकडे.' असंच म्हणत असतील. आंडेर म्हणजे लेक, ताई. आम्ही मुलाला आंडोर म्हणतो आणि मुलीला आंडेर."

मी "बरं" म्हणाले.

"त्यांना रस्ता विचारायचा नव्हताच. कुठे निघालो ते सांगत होते."

शाळेची घंटा झाली. फोन ठेवताना ते म्हणाले, "तेवढं काढून टाका ताई, नकाशाचं." मी "काढते" म्हणाले.

नंतर दोन कंट्रोलर तपासले. दुसऱ्याचा आकडा चुकीचा टिपला गेला. परत घेतला.


२३ नोव्हेंबर, रविवार. वरणगाव.

आईला सांगितलं. ती पापडाचं पीठ मळत होती, मळतच राहिली.

"आंडेर. हो, सासूबाई म्हणायच्या. 'झुलाल, तुन्ही आंडेर रडी राहिनी' म्हणायच्या तू पाळण्यात असताना. मला सुचलंच नाही बघ." थोड्या वेळाने म्हणाली, "एक्याण्णवचं ते पत्र पोस्टातच गहाळ झालं असेल."

मग तिने विचारलं, "आवाज आहे का त्यांचा? ते म्हणताना?"

"गाडीत आहे. आपल्याकडे नाही."

"तू ऐकलास?"

"नाही."

तिने पिठाचा गोळा झाकून ठेवला आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

शुक्रवारपासून यादी हललेली नाही. अजून चौदाच. सर बटण दाबत नाहीत. ते बघून मला आधी बरं वाटलं. मग, बरं का वाटलं ते लक्षात आलं. एक माणूस गाडीशी बोलायचा थांबलाय, त्याला बोलायला दुसरं कोणी नाही, आणि मी आकडा तसाच राहिला म्हणून खूश आहे.

ॲप अजून माझ्या मोबाइलवर आहे. शुक्रवारी दुपारी 'काढते' म्हणाले होते.


२५ नोव्हेंबर, मंगळवार. जळगाव.

हेल्पलाइनला फोन केला. उत्तरं अशी: ॲपवरून गाडी काढली की सगळ्या फेऱ्या आणि यादी माझ्या खात्यातून कायमच्या जातात. गाडीच्या मेमरीतला आवाज तसाच राहतो, तो गाडीतूनच पुसावा लागतो. तो मिळवायचा दुसरा मार्ग नाही. शेवटी त्या मुलीने विचारलं, गाडीबद्दल समाधानी आहात का, एक ते पाच. मी चार म्हणाले.

काढण्याआधी चौदा नोंदी पेनाने उतरवल्या, तारीख आणि वेळेसह. स्क्रीनचा फोटो काढता आला असता. पण त्याच स्क्रीनवर सरांच्या नोंदी आहेत, त्या माझ्याकडे राहायला नकोत. फेऱ्यांपैकी फक्त एक आकडा घेतला. शनिवार, वरणगाव ते जळगाव: एकशे सात.

८.४० ला काढलं. ॲपने दोनदा विचारलं, खात्री आहे का. दोन्ही वेळा हो.


२६ नोव्हेंबर, बुधवार.

गाडी कुठे आहे, मला माहीत नाही.

सकाळी ७.१० ला मोबाइल हातात घेतला होता. मग दूध तापवलं.


२९ नोव्हेंबर, शनिवार. वरणगाव.

बसने आले. नशिराबादला बस थांबली नाही. चहाचं दुकान डाव्या बाजूला आहे, आणि मी उजवीकडच्या सीटवर बसले होते.

सरांना लिहायचं ठरवलंय. फोनवर मला जमणार नाही आणि त्यांनाही 'नाही' म्हणणं अवघड जाईल. कागदावर 'नाही' म्हणता येतं.


३० नोव्हेंबर, रविवार.

पत्र उद्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते. घरी कोणी उघडलं तरी चालेल असं लिहिलंय, दोनदा तपासलं. आईने वाचायला मागितलं. दिलं. तिने एकच शब्द बदलायला सांगितला: 'विनंती' दोनदा आलंय, एकदाच ठेव. तसं केलं. नक्कल इथे ठेवते.

श्री. सुकदेव बोरसे सर,
स. न. वि. वि.

गाडीची दुसरी चावी सोबत पाठवत आहे. तिला असलेला बिल्ला वडिलांचा आहे, तो मी काढून ठेवला आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर, रात्री ८.४० पासून तुमची गाडी माझ्या मोबाइलवर दिसत नाही. पूर्वी दिसलेलं मी मोबाइलवर ठेवलेलं नाही आणि कोणाला सांगणार नाही. गाडी विकताना हे बंद करणं माझं काम होतं. मी ते जाणूनबुजून केलं नाही. माझी चूक आहे.

गाडीच्या मेमरीत मात्र अजून सगळं आहे: पत्ते, फोन नंबर, बोललेलं. ते पुसण्यासाठी पडद्यावर सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा पर्याय निवडा, 'मूळ स्थितीत आणा'. तो विचारेल तेव्हा दोनदा हो म्हणा. पाच मिनिटं लागतात, इंजिन चालू ठेवा. हे नक्की करा. पुढे कधी गाडी विकलीत तर विकण्याआधी पुन्हा करा.

त्यात माझ्या वडिलांचा आवाजही पुसला जाईल. तो मी ऐकलेला नाही. तुमची हरकत नसेल तर पुसण्याआधी मला तो एकदा ऐकायचा आहे. तुम्ही सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या ठिकाणी मी आणि आई येऊ. त्याआधी तुमच्या नोंदी एकेक करून काढता येतात: नोंदीवर बोट दाबून धरलं की 'काढा' असं येतं. ऐकताना तुम्ही गाडीतच बसा. आम्हाला दहा मिनिटं पुरतील.

गेले काही दिवस तुम्ही गाडीशी बोलत नव्हता, हे मी २५ तारखेपर्यंत पाहिलं. ते माझ्यामुळे. आम्ही येईपर्यंत बोलू नका, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला बोलावंसं वाटेल तेव्हा बटण दाबा आणि बोला. जे पुसलं जाईल ते जाऊ दे. आता ऐकणारं दुसरं कोणी नाही.

येऊ की नको, ते शुक्रवार, ५ डिसेंबरपर्यंत कळवावं ही विनंती. नाही असलं तरी कळवा.

आपली,
दिपमाला झुलाल देवरे